शेवटचा एक नग आणि दोन गिऱ्हाइकं: डेटाबेसमधली ही गफलत कशी टाळायची?

समजा, तुमच्या वेबसाइटवर एका पैठणीचा शेवटचा नग उरलाय. पुण्यातून एकीनं आणि नागपुरातून दुसरीनं एकाच क्षणी 'खरेदी करा' दाबलं. प्रोग्रामने दोघींसाठी शिल्लक वाचली: १. दोन्ही वेळा त्यातून १ वजा करून ० लिहिला. डेटाबेसमधला आकडा ठीकच दिसतो, पण पैसे दोघींचे कापले गेले आणि पैठणी एकच! याला 'लॉस्ट अपडेट' म्हणतात.

गडबड होते ती वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या काही मिलिसेकंदांत. बऱ्याच जणांना वाटतं, ट्रान्झॅक्शन लावलं की झालं. पण तेवढ्यानं भागत नाही. मायएसक्यूएल (इनोडीबी) असो वा पोस्टग्रेएसक्यूएल, डिफॉल्ट सेटिंगवर साधं 'सिलेक्ट' ओळीला कुलूप लावत नाही. त्यामुळे दोन्ही ट्रान्झॅक्शन्सना १ च दिसतो.

मग करायचं काय?

१. एकाच क्वेरीत काम उरका. आधी वाचून मग लिहू नका. 'अपडेट'मध्येच 'शिल्लक = शिल्लक - १' लिहा आणि 'व्हेअर'मध्ये 'शिल्लक > ०' ही अट घाला. मग किती ओळी बदलल्या ते बघा. उत्तर ० आलं, तर माल संपलाय.

२. ओळीला कुलूप लावा. मध्ये बरेच हिशेब असतील, तर ट्रान्झॅक्शनमध्ये 'सिलेक्ट फॉर अपडेट' वापरा. तीच ओळ याच पद्धतीने मागणारा दुसरा, पहिल्याचं कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत थांबतो. मात्र ग्राहक ओटीपी टाकेपर्यंत कुलूप धरून बसू नका. बाकीचे सगळे रांगेत अडकतील.

३. व्हर्जन नंबर ठेवा. फॉर्म दहा मिनिटं उघडा राहत असेल, तर कुलूप कामाचं नाही. टेबलात 'व्हर्जन' कॉलम घ्या. वाचताना ७ होता ना? मग सेव्ह करताना 'व्हर्जन ७ असेल तरच बदल आणि ८ कर' असं सांगा. एकही ओळ बदलली नाही, तर मध्ये कुणीतरी हात लावलाय. तसं वापरकर्त्याला सांगा, गुपचूप खोडू नका. कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या 'ऑप्टिमिस्टिक' पद्धतीमागचा विचार हाच: आधी काम करा, शेवटी टक्कर तपासा.

साठा, जागा, बॅलन्स असे आकडे असतील, तर पहिल्या उपायापासूनच सुरुवात करा. आणि तपासायला दोन टर्मिनल उघडा: एकात अपडेट करून कमिट न करता थांबा, दुसऱ्यात तीच क्वेरी चालवा. ती थांबलेली दिसेल. आता पहिलीचं कमिट करा, म्हणजे दुसरीचं उत्तर येईल: ० ओळी.