गाडी पुसू नका, धुवा!



खंडेनवमी आली की ट्रॅक्टर, जीप, मोटार, मोटारसायकल, सगळी वाहने धुऊन त्यांना झेंडूच्या माळा घालायची आपली रीत आहे. त्याच सुमाराला हंगामाची गडबड सुरू होते आणि मग पट्टा पडेपर्यंत गाडीकडे बघायला कोणाला सवड नसते. हाताला लागेल ते फडके घ्यायचे, दोन हात फिरवायचे की निघाली गाडी.

आम्हीही हेच केले. घरात नवी मोटार आली तेव्हा कौतुकाने रोज सकाळी कोरड्या पंचाने पुसत होतो. सहा महिन्यांनी ती भर उन्हात उभी केली, तर बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा! कोणी ओरखडे पाडले म्हणून पोरांवर डाफरलो. ओरखडे आमच्याच हाताचे होते.

गाडी शास्त्र समजून राखण्याच्या कामाला हल्ली ‘डिटेलिंग’ म्हणतात. गावोगावची तरुण पोरे हौसेने त्यात पडली आहेत. वडीलधाऱ्यांना ही चैन वाटते. पण ऊसबिलावर हप्ते फेडून घेतलेली गाडी उद्या विकायला काढली, तर गिऱ्हाईक आधी रंग आणि गंजच बघते, हे विसरू नये.

आजच्या मोटारींच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. चकाकी सारी त्या थराची. आता आपल्याकडची धूळ बघा. तिच्यात वाळूचे कण असतात, शिवाय पाचट जाळल्याची राख. उसाच्या पाल्याने हात कसा चिरतो हे आपल्याला सांगायला नको. त्या पाल्यात सिलिका असते आणि पाला जळाला तरी ती राखेत उरते. अशी धूळ कोरड्या फडक्याखाली रगडणे म्हणजे रंगावर पॉलिश पेपर मारणेच झाले. (पाचट जाळू नये, कुजवावे, याला हे आणखी एक कारण!)

बैल धुताना आपण काय करतो? आधी पाणी मारून चिखल भिजू देतो, मग चोळतो. गाडीचेही तेच. नवख्याने पुढीलप्रमाणे सुरुवात करावी.

गाडी सावलीत घ्यावी, पत्रा गार होऊ द्यावा. चाके आधी उरकावीत. त्यांची बादली आणि फडके निराळे. मग वरून पाणी ओतून सुटी धूळ वाहू द्यावी. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात : एकीत गाडीचा शाम्पू घातलेले पाणी, दुसरीत नुसते पाणी. मऊ मायक्रोफायबरचे फडके शाम्पूत बुडवून टपापासून खाली हलक्या हाताने यावे. प्रत्येक भाग झाला की फडके साध्या पाण्यात खळबळून पिळावे आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवावे. फडके जमिनीवर पडले तर त्या दिवशी ते रंगाला लावू नये. शेवटी स्वच्छ पाणी ओतून दुसऱ्या कोरड्या मऊ फडक्याने लगेच टिपून घ्यावे. बोअरचे पाणी उन्हात वाळले की त्यातला क्षार पांढरे डाग ठेवून जातो. १५ लिटरच्या पाच-सहा बादल्यांत, म्हणजे शंभर लिटरच्या आत, मोटार धुऊन होते. नळी सोडून बसण्याची गरज नाही. मात्र गाडी ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला धुऊ नये. तेल-ग्रीस पिण्याच्या पाण्यात उतरते.

कपड्याची पावडर वापरू नये, मेणाचा थर निघून जातो. भांड्याची घासणी तर लांबच ठेवावी. डिझेलने पुसले की गाडी घटकाभर चमकते, पण तेलकटपणावर धूळ दुप्पट चिकटते आणि रबर खराब होते. पाखराची विष्ठा दिसली तर ओले फडके ठेवून भिजवावी आणि अलगद उचलावी, घासू नये.

उसाच्या कांड्यावर निसर्गाने मेणाचा पांढुरका थर दिलेला आहे. गाडीला तो आपण द्यायचा. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे. धुऊन कोरड्या केलेल्या गाडीवर ते पातळ लावावे आणि डब्यावर सांगितल्याप्रमाणे पुसून घ्यावे. पॉलिशच्या मशीनला मात्र नवख्याने हात लावू नये. ते मशीन ओरखडा भरत नाही, ओरखड्याभोवतीचा थर झिजवते. गेलेला थर परत येत नाही.

शेवटची गोष्ट दिसत नाही, पण सर्वांत महत्त्वाची. डिकीतून पोटॅशचे पोते आणले असेल तर सांडलेले खत त्याच दिवशी झाडून, ओल्या फडक्याने टिपून, डिकी वाळवावी. त्यातले क्लोराईड आणि ओल मिळून पत्रा खातात. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरण्याची भोके असतात, ती चिखलाने बुजू देऊ नयेत. चकाकी गेली तर पुन्हा आणता येते, गंजलेला पत्रा कापावाच लागतो.

तेव्हा घरातला मुलगा रविवारी सकाळी दोन बादल्या घेऊन गाडीपाशी बसला, तर त्याला रागावू नका. आणि त्याच्या हातून पंचा काढून घेऊन, ‘अरे, असं पुसायचं असतं,’ असे तर मुळीच सांगू नका. आम्ही सांगून चुकलो आहोत.