सूर्याची फुगडी

सूर्य मध्यभागी स्थिर आणि ग्रह त्याच्याभोवती फिरतात, असं शाळेतल्या चित्राने आपल्या मनावर ठसवलेलं असतं. पण सूर्याला असं स्वस्थ बसण्याची मुभाच नाही!

सूर्य गुरूला जेवढ्या जोराने ओढतो, तेवढ्याच जोराने गुरू सूर्याला ओढतो. तसूभरही कमी नाही. दोघांची मिळून एक जोडी धरली, तर ही ओढाताण घरातल्या घरातली, म्हणजे अंतर्गत बलांची. आणि अंतर्गत बलं कितीही प्रचंड असली, तरी जोडीचा एकूण संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यांची बेरीज, त्यांना कधीच बदलता येत नाही. आकाशगंगेतला दोघांचा सामाईक प्रवास बाजूला ठेवला, तर ही बेरीज शून्य. मग गुरू सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने एकीकडे धावतोय म्हटल्यावर सूर्य काय करणार? त्याला उलट दिशेने सरकावंच लागतं.

थोरल्या बहिणीने धाकटीचे हात धरून फुगडी घातली, की धाकटी मोठ्या वर्तुळात गरगरते, पण थोरलीचेही पाय एका जागी ठरत नाहीत. सूर्य गुरूच्या सुमारे १,०४७ पट जड, म्हणून त्याचा वेग तितक्याच पटीने कमी: सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. आणि दोघं ज्या बिंदूभोवती फिरतात, तो सूर्याच्या पोटातही नाही; पृष्ठभागाच्या किंचित बाहेर, मोकळ्या अवकाशात आहे!

आता खरी गंमत. फुगडीतली धाकटी दिसतच नसेल, तर? थोरलीच्या पावलांवरून ती ओळखता येईल का?

१९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो या खगोलशास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. सुमारे ५० प्रकाशवर्षांवरचा ५१ पेगासी हा तारा आपल्याकडे येताना त्याचा प्रकाश किंचित निळ्याकडे झुकतो, दूर जाताना तांबड्याकडे. किंचित म्हणजे किती? एक कोटी भागांत जेमतेम दोन! त्यांनी ते मोजलं. तारा सेकंदाला ५६ मीटर वेगाने मागेपुढे होत होता, दर ४.२ दिवसांनी एक फेरी. म्हणजे गुरूच्या निदान निम्म्या वस्तुमानाचा, चार दिवसांचं वर्ष असलेला ग्रह तिथे होता. कोणीही न पाहिलेला! २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये या शोधाला वाटा मिळाला.

आपली पृथ्वी सूर्याला सेकंदाला फक्त नऊ सेंटीमीटर हलवते. दुसऱ्या ताऱ्याची इतकी बारीक हालचाल पकडून पृथ्वीचं जुळं भावंड शोधणं अजून कोणाला साधलेलं नाही. पण या शोधात आपणही आहोत: माउंट अबूच्या दुर्बिणीवरच्या ‘पारस’ या उपकरणाने ताऱ्याची अशीच हालचाल मोजून, पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाचा ग्रह असल्याची खात्री २०१८ मध्ये करून दिली.