वेळ संपली, मग जिंकलं कोण?

ऑगस्ट २००४. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे ‘इव्हो’ स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’चा सामना रंगला होता. जपानच्या दाइगो उमेहाराच्या ‘केन’कडे हेल्थ बारची जेमतेम एक रेघ उरली होती. समोर अमेरिकेचा जस्टिन वाँग होता आणि त्याच्या ‘चुन-ली’ची हेल्थ बरीच जास्त होती. या खेळात खास हल्ला नुसता अडवला तरी थोडी हेल्थ झिजते, त्यामुळे दाइगोला अडवाअडवीही परवडणारी नव्हती. वाँगने सुपर हल्ला चढवला. दाइगोने त्यातला प्रत्येक वार नेमक्या क्षणी जॉयस्टिक पुढे ढकलून परतवला, असे सलग पंधरा वार, आणि मग उलट हल्ला करून तो डाव खिशात घातला. प्रेक्षकांच्या आरोळ्यांसह ती चित्रफीत आजही जगभर पाहिली जाते.

त्या चित्रफितीत पडद्याच्या वरच्या बाजूला एक आकडा उतरत असतो. तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण त्या प्रसंगातला अर्धा ताण त्या आकड्याचा होता. तो शून्यावर पोचला असता तर ज्याची हेल्थ जास्त तो विजयी, म्हणजे वाँग जिंकला असता. त्याला लांब राहून वेळ काढता आला असता. दाइगोला मात्र केव्हातरी पुढे यावंच लागणार होतं. घड्याळ दोघांसाठी सारखंच चालत होतं, पण एकाला ते सोबत करत होतं आणि दुसऱ्याच्या मागे लागलं होतं.

प्रत्येक फायटिंग गेमला दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. लढत कधी संपणार आणि ती संपली तेव्हा पुढे कोण होतं, हे कसं मोजायचं? ही उत्तरं बदलली की खेळणाऱ्यांची वागणूक बदलते. शेवटपर्यंत भिडायचं, की आघाडी घेऊन पळायचं, की दुसऱ्याने दमवलेल्या खेळाडूवर शेवटचा हात मारायचा, हे पात्रांच्या ताकदीइतकंच नियमांवरूनही ठरतं.

या जातीच्या सुरुवातीच्या खेळांपैकी एक म्हणजे १९८४ चा ‘कराटे चॅम्प’. त्यात हेल्थ बार नव्हताच. खऱ्या कराटेसारखा अर्धा किंवा पूर्ण गुण मिळायचा आणि पडद्यावर पंच उभा असायचा. १९९१ मध्ये कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर २’ आला आणि पुढच्या खेळांचा साचा तयार झाला. दोन खेळाडू, दोन हेल्थ बार, मधोमध ९९ पासून उतरणारा आकडा आणि तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजेता. नाण्यावर चालणाऱ्या आर्केड यंत्राला वेळेची मर्यादा हवीच होती. दोघं नुसते एकमेकांभोवती फिरत राहिले तर मागे रांगेत उभ्या असलेल्यांची नाणी खिशातच राहिली असती. वेगवेगळ्या खेळांनी हा वेळ आपापल्या परीने कमी-जास्त केला. अलीकडच्या ‘टेकन’मध्ये नेहमीचा डाव ६० सेकंदांचा असतो.

वेळेची मर्यादा आली की बचावालाही मोल येतं. एक जोरदार फटका मारायचा, आघाडी मिळवायची आणि मग कोपऱ्यात दबा धरून आकडा शून्यावर जाण्याची वाट बघायची, ही खेळी नियमांना धरूनच आहे. अनेक मोठ्या खेळाडूंनी ती कौशल्याने वापरली आहे. कुस्तीशौकिनांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. मातीतल्या निकाली कुस्तीत पाठ टेकेपर्यंत लढत संपत नाही. मॅटवर मात्र वेळ ठरलेली असते, कुस्ती गुणांवर सुटू शकते आणि म्हणूनच हात राखून खेळणाऱ्या मल्लाला ताकीद देण्याची सोय नियमात करावी लागते.

काही व्हिडिओ गेमनी अशी ताकीद थेट यंत्रणेतच बसवली. ‘गिल्टी गिअर’ मालिकेत सारखं मागे सरकत राहणाऱ्या खेळाडूला ‘निगेटिव्ह पेनल्टी’ बसते आणि खास हल्ल्यांसाठी साठवलेली त्याची टेन्शनची पट्टी रिकामी होते. पळणाऱ्याची हेल्थ शाबूत राहते, पण लढण्याचं हत्यार हातातून जातं. दोघं बरोबरीतच राहिले तर काय, या प्रश्नाला ‘स्ट्रीट फायटर ३’ने वेगळं उत्तर दिलं. शेवटचा डावही बरोबरीत सुटला तर तीन परीक्षक पडद्यावर येऊन कौल देतात.

हे सगळं दोघांच्या लढतीपुरतं झालं. चौघं एकाच पडद्यावर उतरले की मोजणीचा प्रश्नच बदलतो.

जानेवारी १९९९ मध्ये जपानमध्ये निन्टेंडो ६४ साठी ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ आला. मासाहिरो साकुराई यांनी त्याची कल्पना मांडली होती आणि पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झालेले सातोरू इवाता यांनी सुरुवातीच्या नमुन्याचं प्रोग्रामिंग केलं होतं. साकुराईंना चौघांना एकत्र खेळता येईल असा खेळ हवा होता. त्यांनी उतरत जाणारा हेल्थ बार काढून टाकला आणि त्या जागी चढत जाणारे टक्के आणले. जितका मार खाल तितके टक्के वाढतात आणि जितके टक्के जास्त तितकं पात्र पुढच्या फटक्याला लांब उडतं. पडद्याच्या हद्दीबाहेर फेकलं गेलं की ते बाद, म्हणजे ‘केओ’.

या खेळातला ‘टाइम’ प्रकार समजायला अगदी सोपा आहे. ठरावीक मिनिटं खेळायचं. कुणाला बाद केलं की एक गुण मिळतो, स्वतः बाद झालो की एक गुण जातो. बाद झालेला खेळाडू काही क्षणांत परत येतो आणि आल्या आल्या थोडा वेळ त्याला मार लागत नाही. समजा, वेळ संपली तेव्हा पहिल्याने चार वेळा कुणाला तरी बाद केलं होतं आणि तो एकदा पडला होता, तर त्याचे तीन गुण. दुसऱ्याने तीनदा बाद केलं, पण तोही तीनदा पडला, तर शून्य. तिसऱ्याच्या नावावर एक केओ आणि चार पडझडी, म्हणजे उणे तीन. चौथ्याचे दोन केओ आणि दोन पडझडी, पुन्हा शून्य. चौघांची बेरीज करून पाहा, ती शून्यच येईल, कारण एकाने मिळवलेला प्रत्येक गुण दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातून गेलेला असतो. कुणी आपल्याच चुकीने खड्ड्यात पडला तर मात्र त्याचा गुण जातो आणि तो कुणालाच मिळत नाही. २००१ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’मध्ये अशा आत्मघाताला किती गुण कापायचे, हेही आधी ठरवता येत होतं.

खरी गंमत श्रेय कुणाला द्यायचं यात आहे. बाद होण्याआधी ज्याने शेवटचा फटका मारला, गुण त्याचा. एखाद्याने सगळी मेहनत करून समोरच्याचे टक्के शंभरापार न्यावेत आणि तिसऱ्याने बाजूने येऊन एका लाथेत गुण पळवावा, हे चौघांच्या खेळात सतत घडतं. त्यामुळे नवशिक्यालाही संधी राहते. शिवाय नेहमीच्या मांडणीत सामना चालू असताना गुण पडद्यावर दिसत नाहीत. कोण पुढे आहे, याचा प्रत्येकाने अंदाज बांधायचा आणि शेवटच्या सेकंदांत त्यालाच गाठायचं. हिशेबही तसाच सांगतो. तिऱ्हाईताला बाद केलं तर आघाडीवीराशी असलेलं अंतर एका गुणाने कमी होतं, आणि त्यालाच बाद केलं तर दोन गुणांनी.

पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी झाली तर ‘सडन डेथ’. बरोबरीतले खेळाडू ३०० टक्क्यांवर उभे केले जातात, म्हणजे साधा फटकासुद्धा बाहेर उडवायला पुरतो. तरीही निकाल लागला नाही तर थोड्या वेळाने वरून बॉम्ब पडायला लागतात.

घरातल्या खोलीत यापेक्षा चांगला शेवट मिळणार नाही. पण बक्षिसाच्या स्पर्धेत सात-आठ मिनिटांच्या कौशल्याचा निकाल एका बॉम्बवर सोडणं न्यायाचं नाही. त्यामुळे स्पर्धकांनी आपले नियम वेगळे केले. स्पर्धा बहुधा ‘स्टॉक’ प्रकाराने होतात, म्हणजे प्रत्येकाला मोजके जीव आणि ते संपले की हार. ‘मेले’च्या स्पर्धांत चार जीव आणि आठ मिनिटं हे प्रमाण झालं, तर याच मालिकेतल्या २०१८ च्या ‘अल्टिमेट’मध्ये साधारणपणे तीन जीव आणि सात मिनिटं असतात. वेळ संपली तर ज्याचे जीव जास्त तो विजयी. जीव सारखे असतील तर ज्याचे टक्के कमी तो जिंकतो. पडद्यावर ‘सडन डेथ’ सुरू झालं तरी त्याचा निकाल धरत नाहीत. टक्केही तंतोतंत सारखे निघाले तर एका जीवाचा छोटा सामना पुन्हा खेळवतात.

या नियमातही फट निघालीच. मालिकेतल्या २००८ च्या ‘ब्रॉल’मध्ये मेटा नाइट नावाचं पात्र हवेत अनेकदा उडी मारू शकतं. मैदानाची कडा पकडली की प्रत्येक वेळी क्षणभर संरक्षण मिळायचं. खेळाडू आघाडी घेऊन कडा सोडायचे, पुन्हा पकडायचे आणि घड्याळ संपायची वाट बघायचे. त्याच पात्राला जवळपास अमर्याद काळ अदृश्य ठेवणारी एक तांत्रिक त्रुटीही सापडली. आयोजकांनी त्या त्रुटीच्या वापरावर बंदी आणली, कडा किती वेळा पकडता येईल याला मर्यादा घातली आणि काही स्पर्धांनी मेटा नाइटलाच बाहेर ठेवलं. पुढे २०१४ च्या भागात खेळ बनवणाऱ्यांनीच दुरुस्ती केली. जमिनीवर न उतरता पुन्हा कडा पकडली तर ते संरक्षण मिळेनासं झालं.

मग घड्याळच का काढून टाकू नये? त्याचं उत्तर स्पर्धेच्या आकारात आहे. २०२३ मध्ये लास वेगासच्या ‘इव्हो’त एकट्या ‘स्ट्रीट फायटर ६’साठी सात हजारांहून अधिक जणांनी नाव नोंदवलं होतं. तिथे दोनदा हरल्याशिवाय कुणी स्पर्धेबाहेर जात नाही. एवढ्या खेळाडूंमधून एक विजेता काढायचा तर सुमारे १४ हजार लढती लागतात आणि प्रत्येक लढतीत किमान दोन सामने येतात. त्यातल्या थोड्या जरी बेमुदत चालल्या तरी तीन दिवसांत स्पर्धा आटोपणार नाही.

घरी खेळताना हा दबाव नसतो, पण निवड करावीच लागते. चौघं मिळून, कुणी नवखं, कुणी मुरलेलं, असे बसणार असतील तर टाइम प्रकार लावावा. स्टॉकमध्ये सगळ्यात कच्चा खेळाडू पहिल्या मिनिटात बाहेर पडतो आणि उरलेला वेळ दुसऱ्यांचा खेळ बघत बसतो. टाइममध्ये तो उणे चारवर असला तरी शेवटच्या सेकंदापर्यंत मैदानात असतो आणि आघाडीवीराला पाडून निकाल फिरवू शकतो. दोघंच असतील आणि आपला खेळ खरोखर पारखायचा असेल, तर तीन जीव आणि सात मिनिटं लावावीत. वेळ संपल्यावर टक्के बघायचे की ‘सडन डेथ’ खेळायचं, हे पहिला फटका पडण्याआधी बोलून घ्यावं.