काचेतील समुद्राची हिरवळ

काचेच्या मोठ्या पेटीत खारे पाणी भरून त्यात जिवंत प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे पाळतात, हे तुम्हांस ठाऊक असेल. माशांची विष्ठा व उरलेले अन्न त्या पाण्यात कुजते आणि नत्राचे व स्फुरदाचे क्षार साठू लागतात. खऱ्या समुद्रात ते अफाट पाण्यात विरून जातात. पेटीत त्यांना वाट नसते. मग खडकांवर शेवाळ माजते, ते प्रवाळांवर चढते आणि त्यांचा प्रकाश अडवते.

यावर जाणत्यांनी काट्याने काटा काढला आहे. मुख्य पेटीला जोडलेल्या लहान टाकीत ते मुद्दाम मोठ्या जातीचे समुद्रशैवाल वाढवतात. तेच क्षार शोषून ते फोफावते आणि पेटीतल्या शेवाळाची उपासमार होते. टाकीवरचा दिवा बहुधा रात्री लावतात. पेटीत अंधार असताना तेथील जीवांनी सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड हे प्रकाशातले शैवाल शोषून घेते. किती चतुर योजना ही!

मात्र वाढलेले शैवाल वेळोवेळी कापून बाहेर काढलेच पाहिजे. उपटलेले तण शेतातच कुजले, तर त्याचे सत्त्व मातीत परतते. शेतात ते लाभाचे असते, येथे घातक. कॉलर्पा नावाचे शैवाल तर मोठे लहरी. त्याची पाने, देठ व मुळांसारखे तंतू मिळून एकच अवाढव्य पेशी असते. प्रजननाच्या वेळी ती आपले अंतर्द्रव्य पाण्यात सोडून देते. पाणी दुधाळ होते आणि मागे पांढरी, पोकळ टरफले उरतात. म्हणून पुष्कळ जण हिरव्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखे केटोमॉर्फा पसंत करतात.

कापलेले शैवाल टाकावे कोठे, हा प्रश्न क्षुल्लक नाही. १९८४ साली मोनॅको येथील समुद्रविज्ञान-संग्रहालयाखालच्या भूमध्य समुद्रात कॉलर्पाचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. ही जात मत्स्यालयांत वाढवलेली होती. पुढे ती फ्रान्स, इटली व स्पेनच्या किनाऱ्यांवर पसरली आणि तेथील सागरतृणांची कुरणे तिने व्यापली. बोटाच्या पेराएवढा तुकडाही तिला नव्याने वाढण्यास पुरतो. जून २००० मध्ये कॅलिफोर्नियातील एका खाजणात ती सापडली, तेव्हा पाणबुड्यांनी एकेक पट्टा ताडपत्रीने झाकून खाली क्लोरीन सोडला. ते पाणी कॉलर्पामुक्त झाल्याचे जाहीर होण्यास २००६ साल उजाडले, आणि सत्तर लाखांहून अधिक डॉलर खर्ची पडले.

आता सावध मत्स्यपालक कापलेले शैवाल गोठवून किंवा कडकडीत वाळवून मारतात आणि मगच कचऱ्यात टाकतात. गटारात, ओढ्यात किंवा समुद्रात कधीही नाही.