निघण्याआधीची दहा मिनिटं : इलेक्ट्रिक गाडीचा एसी किती अंशांवर लावावा?

नॉर्वेत किंवा कॅनडात इलेक्ट्रिक गाडी घेणारा माणूस ॲपमधली एक सोय सगळ्यात आधी शिकून घेतो : घरातून निघण्यापूर्वी गाडी आतून तापवून ठेवायची. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत हीच सोय उलट्या दिशेनं वापरायची असते. जानेवारीच्या पहाटे कल्याणला स्वेटर काढावा लागला, तरी गाडीच्या हीटरची गरज क्वचितच पडते. मार्च ते जून मात्र उभी गाडी आधी थंड करणं ही चैन राहत नाही, विशेषतः घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर. सोय चालू करताना ॲप एक तापमान विचारतं, आणि बहुतेक जण तिथे सगळ्यात खालचा आकडा टाकून मोकळे होतात. माझ्या मते तो आकडा चुकीचा आहे. का, ते समजायला आधी गाडी तापते कशी हे पाहावं लागेल.

ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापवतं, आणि त्यांची उष्णता मात्र काचेतून तितक्या सहज बाहेर जात नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. खिडकी थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. आता डोंबिवली धरा. समुद्रावरचा वारा इथपर्यंत उशिरा आणि क्षीण होऊन पोचतो, म्हणून एप्रिलच्या दुपारी मुंबईपेक्षा इथे पारा चांगलाच वर असतो. बाहेर ३८ अंश असतील, तर पे अँड पार्कमध्ये उघड्यावर उभ्या गाडीत ५५ ते ६० अंश होणं नवलाचं नाही.

पेट्रोल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर सहसा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो; इंजिन बंद, की तोही बंद. इलेक्ट्रिक गाडीतल्या कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते आणि ती चाकं फिरवणाऱ्या मोठ्या बॅटरीवर चालते. त्यामुळे गाडी जागेवर उभी, कुलूपबंद, आत कोणी नाही, तरी एसी चालू शकतो. तुम्ही फोनवर बटण दाबता तेव्हा आज्ञा आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, तिथून मोबाइल नेटवर्कवरून गाडीतल्या सिमकडे, आणि मग गाडीचा संगणक एसीला जागं करतो. घोडबंदर रोडवरच्या उंच संकुलांत ही साखळी नेमकी शेवटच्या टप्प्यावर तुटते, कारण बेसमेंटमध्ये नेटवर्कच नसतं. ॲप नुसतं गोल फिरत राहतं. पोडियमवर किंवा स्टिल्टमध्ये जागा मिळत असेल तर ती घ्यावी. बराच वेळ उभी असलेली गाडी छोटी १२ व्होल्टची बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेली असते, म्हणून पहिली आज्ञा पोचायला वेळ लागतो. लागोपाठ बटण दाबत बसू नये.

आता आकडा. ऑटोमॅटिक एसीत तापमानाचा आकडा हा वेग नसतो, तो थांबण्याची जागा असते. आत ५५ अंश असताना तुम्ही १८ सांगा की २६, सुरुवातीची काही मिनिटं कॉम्प्रेसर आणि ब्लोअर दोन्ही वेळा पूर्ण जोरातच चालतात. फरक पुढे पडतो. २६ सांगितलेला एसी आतली हवा तिथपर्यंत आली की दम धरतो, १८ सांगितलेला तसाच धावत राहतो. म्हणजे खालच्या आकड्यानं गाडी लवकर थंड होत नाही, फक्त वीज जास्त जाते. शिवाय ३८ अंशांतून आलेल्या माणसाला २६ सुद्धा गारच वाटतं. घरच्या एसीसाठी ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमानं १ जानेवारी २०२० पासून मूळ सेटिंग २४ अंशांचं केलं, तेही याच विचारानं. गाडीत २५-२६ पासून सुरुवात करावी आणि गरज वाटली तरच एकेक अंशानं खाली यावं.

थंड करायचं असतं ते काय, हेही पाहण्यासारखं आहे. गाडीतली हवा साधारण तीन घनमीटर, वजनाला जेमतेम साडेतीन किलो. ती २५ अंशांनी उतरवायला काढावी लागणारी उष्णता एका युनिटच्या चाळिसाव्या भागाएवढी! खरा भार सीट, डॅशबोर्ड, छत आणि काचा यांचा. हवा दोन मिनिटांत गार लागते, पण सीटला पाठ टेकली की चटका बसतो, तो याच साठ्याचा. म्हणून हातात दहा मिनिटं हवीत, आणि म्हणूनच समोरच्या काचेला लावलेला साधा सनशेड कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त काम करतो.

खर्च किती? भर उन्हात एसी सुरुवातीला दोन ते चार किलोवॉट ओढतो, म्हणजे दहा मिनिटांत अर्ध्या युनिटच्या आसपास. टियागो ईव्हीच्या २४ युनिटांच्या बॅटरीतले हे दोन टक्के, शहरात तीन-चार किलोमीटर. गाडी सोसायटीत चार्जिंगला लावलेली असेल तर तेही वाचतात : १५ अँपिअरच्या प्लगमधून साधारण तीन किलोवॉट मिळतात, त्यामुळे बहुतेक भार महावितरणच्या विजेवर जातो आणि बॅटरी भरलेली राहते. काही मॉडेल्स प्लग लावलेला असताना फोनवरची आज्ञा घेत नाहीत, ते एकदा करून पाहावं. पुढे कल्याण-शीळ रस्त्यावर काटई नाक्याच्या कोंडीत अडकलात, तर आधी थंड केलेल्या गाडीला एक किलोवॉटच्या आत-बाहेर पुरतं. एसीचा खर्च किलोमीटरवर नसतो, तासांवर असतो.

आकडा बदलायची जागा दोन ठिकाणी असू शकते. काही गाड्यांत तो ॲपच्या एसीच्या पानावर ठरतो आणि तिथेच जतन होतो. काही गाड्या तुम्ही शेवटी पडद्यावर ठेवलेलंच तापमान घेतात. त्या गाडीत सकाळी स्टेशनला उतरतानाच आकडा २५ वर, झडपा चेहऱ्याच्या दिशेनं आणि हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू करून ठेवावं. संध्याकाळी लोकलमधून उतरताना फोनवर एक बटण पुरेल. बॅटरी फार उतरलेली असेल तर गाडी आज्ञा नाकारते. ठरावीक मिनिटं झाली की एसी आपोआप बंदही होतो, आणि तो बंद झाल्याचं आत बसलेल्या मुलाला कळत नाही. ‘एसी चालू आहे, दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला किंवा आजीला गाडीत ठेवून कधीही जाऊ नका.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. जुलैत आपल्याकडे हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या घरात असतो. काच त्याहून थंड झाली की तिच्यावर वाफ धरते, आणि १८ अंशांचा झोत समोरच्या काचेवर सोडलात तर ती बाहेरच्या बाजूनं धरते. आतून कितीही पुसा, जात नाही. गायमुखच्या घाटात पहाटे पावसात निघणाऱ्याला हे धोक्याचं आहे. तेव्हा जून लागला की आकडा २६ वर न्यावा, आज्ञा पाचच मिनिटं आधी द्यावी, आणि बाहेरून वाफ आलीच तर वायपर फिरवून तापमान एक-दोन अंशांनी वाढवावं. वाफ आतल्या बाजूला असेल तर मात्र एसी चालूच ठेवून झोत काचेकडे वळवावा, कारण आतली दमट हवा कोरडी करतो तो एसीच.