स्टेल्थ व्हिडिओ गेममधील हिंसा आणि नैतिक निवड : मुंबईच्या एका टप्प्याच्या अनुषंगाने

१. प्रश्नाचे स्वरूप

हिंसा न करणे आणि अहिंसक असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हा भेद नीतिशास्त्राच्या अभ्यासकास नवा नाही. भीतीने, सोयीने किंवा लाभाच्या आशेने हात आवरणारा मनुष्य आणि दुसऱ्याच्या जीविताविषयी आदर बाळगून हात आवरणारा मनुष्य बाहेरून सारखेच दिसतात. अंतर असते ते हेतूत. हा जुना भेद आज एका अगदी अनपेक्षित क्षेत्रात पुन्हा उपस्थित झाला आहे. ते क्षेत्र म्हणजे व्हिडिओ गेम, आणि त्यातही ‘स्टेल्थ’ या नावाने ओळखला जाणारा खेळप्रकार. या प्रकारात खेळाडूने शत्रूशी उघड सामना करावयाचा नसतो. सावलीतून, वेशांतर करून किंवा पहारेकऱ्याची पाठ वळण्याची वाट पाहून आपले कार्य साधावयाचे असते. प्रस्तुत लेखात अशा खेळांना आपण ‘प्रच्छन्न संचाराचे खेळ’ म्हणू.

व्हिडिओ गेममुळे खेळणारा हिंसक बनतो काय, हा वाद बराच चर्चिला गेला आहे. तो मानसशास्त्राचा प्रश्न असून येथे आपला विषय नाही. आपला प्रश्न त्याहून मर्यादित, परंतु नीतिशास्त्राच्या दृष्टीने अधिक मूलगामी आहे. प्रच्छन्न संचाराच्या खेळात मारणे आणि न मारणे हे दोन्ही मार्ग बहुधा खुले असतात, आणि खेळ पुढे सरकतो तसतसा खेळाडू मारण्याकडून न मारण्याकडे वळताना दिसतो. या वळणाला नैतिक प्रगती म्हणता येईल काय?

मिगेल सिकार्ट यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संगणकीय खेळांच्या नीतीवरील ग्रंथात खेळाडू हा स्वतः नैतिक कर्ता असतो, केवळ प्रेक्षक नव्हे, अशी भूमिका मांडली आहे. ती मान्य केल्यास वरील प्रश्न टाळता येत नाही. कारण कर्ता म्हटला की त्याच्या कृतीबरोबर हेतूचाही विचार आलाच.

२. संयमाचे तीन आधार

या खेळांनी खेळाडूस संयम शिकविण्यासाठी जे उपाय योजले, त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिला आधार कौशल्याचा. १९९८ साली लुकिंग ग्लास स्टुडिओज या संस्थेने काढलेल्या ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ या खेळात नायक चोर आहे. खेळाची काठिण्यपातळी वाढविली म्हणजे एरवी शत्रूंची संख्या वाढते. येथे मात्र सर्वांत कठीण पातळीवर माणसास ठार मारण्यालाच बंदी होते. कसबी चोराला रक्त सांडण्याची गरज पडू नये, हा त्यामागील विचार. म्हणजे येथे वध हे पाप नसून अनाडीपणाचे लक्षण आहे. संयमाला प्रतिष्ठा मिळाली, ती कारागिराच्या अभिमानातून.

दुसरा आधार परिणामांचा. फ्रान्समधील आर्केन स्टुडिओज या संस्थेच्या ‘डिसऑनर्ड’ (२०१२) या खेळात सम्राज्ञीच्या हत्येचा खोटा आळ आलेला तिचा अंगरक्षक सूड घेण्यास निघतो. त्याने जितके अधिक लोक मारावेत, तितके नगरातील उंदीर व रोगग्रस्त वाढतात, सम्राज्ञीची लहान मुलगी एमिली अधिक कठोर होत जाते आणि कथेचा शेवट काळवंडतो. त्याला नदीतून ने-आण करणारा नावाडी सॅम्युएल तर अखेरीस त्याच्या तोंडावर त्याचा धिक्कार करतो. येथे प्रत्येक वधाची नोंद जग स्वतः ठेवते. कर्मफलाच्या कल्पनेशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांस ही योजना परकी वाटणार नाही.

परंतु या नोंदवहीत एक विलक्षण उणीव आहे. पेंडलटन नावाच्या दोन जुळ्या सरदारांना न मारता दूर करण्याचा मार्ग असा, की त्यांच्या जिभा छाटून व डोकी भादरून त्यांना त्यांच्याच खाणीत गुलाम म्हणून धाडावयाचे. लेडी बॉइल या स्त्रीला न मारण्याचा मार्ग असा, की तिला बेशुद्ध करून तिच्यामागे लागलेल्या एका पुरुषाच्या स्वाधीन करावयाचे. जीव वाचला, म्हणून खेळाच्या हिशेबात हिंसा घडलीच नाही. वध तेवढा मोजावयाचा आणि यातना, दास्य व अपहरण मोजावयाचे नाही, असा नियम ठरला की अहिंसेच्या नावाखाली मृत्यूहून क्रूर अशा गोष्टी निर्वेधपणे घडू शकतात, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

तिसरा आधार स्मृतीचा. ‘मेटल गिअर सॉलिड ३’ (२००४) या जपानी खेळात एका प्रसंगी नायकाला एका नदीतून संथपणे चालत जावे लागते, आणि तोवर त्याने ज्यांना ठार मारले ते सारे छायारूपाने समोरून येतात. ज्याने फार मारले त्याची वाट लांबते. ज्याने कमी मारले त्याची नदी बरीचशी रिकामी असते. येथे गुण कापले जात नाहीत व उपदेशही केला जात नाही. विसरलेली माणसे केवळ पुन्हा दाखविली जातात. तिन्ही आधारांत नैतिकदृष्ट्या सर्वांत खोल हाच होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण तो खेळाडूस ‘काय मिळाले’ हे न विचारता ‘कोण होते’ हे विचारावयास लावतो.

३. मुंबईचा टप्पा

आता आपल्या अधिक निकटच्या उदाहरणाकडे वळू. कोपनहेगन येथील आयओ इंटरॅक्टिव्ह या संस्थेच्या ‘हिटमॅन’ या खेळमालिकेचा नायक भाडोत्री मारेकरी असून त्याला नावाऐवजी सत्तेचाळीस हा क्रमांक आहे. या मालिकेत भारत दोनदा ठळकपणे आला. २००२ सालच्या ‘हिटमॅन २ : सायलेंट असॅसिन’ या खेळातील एक स्थळ अमृतसरच्या हरमंदिर साहिबाशी साम्य दाखविणारे होते व तेथे शिखांसारख्या दिसणाऱ्या व्यक्तींची हत्या करता येत असे. शीख समाजाने त्यास तीव्र हरकत घेतली व पुढे त्या आशयात बदल करण्यात आला. पडद्यावरील माणसे काल्पनिक असली, तरी ज्यांच्या रूपाने ती उभी केली जातात ती माणसे खरी असतात, हा धडा त्या प्रसंगाने दिला.

दुसरा प्रसंग २०१८ सालच्या ‘हिटमॅन २’ या खेळाचा. त्यातील एक टप्पा सबंध मुंबईत घडतो. दाट वस्ती, अर्धवट बांधलेला मनोरा, चित्रपटाचे चित्रीकरण, रेल्वेचे आवार आणि गल्ल्यांतून वाहणारी गर्दी असे त्याचे रूप आहे. येथे नायकाने तिघांचा वध करावयाचा असतो : चित्रपटव्यवसायात वावरणारा गुंड दाऊद रंगन, वस्तीवर सत्ता गाजविणारी वान्या शाह आणि ‘मेलस्ट्रॉम’ या नावाने वावरणारा वझीर काळे. यांपैकी तिसऱ्याचा चेहरा आरंभी खेळाडूस ठाऊक नसतो. गर्दीतून त्याला हुडकून काढावे लागते.

या खेळाची सर्वोच्च श्रेणी ‘सायलेंट असॅसिन’ ही आहे. नेमून दिलेल्या लक्ष्यांखेरीज कोणाचाही जीव घेतला नाही, प्रेत कोणाच्या दृष्टीस पडले नाही व खेळाडू स्वतः ओळखला गेला नाही, तरच ती मिळते. लक्ष्याचा मृत्यू अपघातासारखा भासला तर मात्र प्रेत सापडले तरी श्रेणीला बाध येत नाही. निरपराधाला मारल्यास गुण वजा होतात. म्हणजे मारेकऱ्याच्याच खेळात निरपराधाच्या रक्षणाचा नियम आहे, आणि वरकरणी तो प्रशंसनीय आहे.

समजा, बोरीवलीस राहणारा आपला एखादा विद्यार्थी सायंकाळच्या लोकलमधून दाटीवाटीने उभा राहून घरी येतो आणि रात्री हाच टप्पा खेळावयास बसतो. तासाभरापूर्वी ज्या गर्दीचा तो एक अंश होता, तीच गर्दी आता त्याला लपण्याचे साधन म्हणून उपलब्ध होते. पहिल्या खेळात तो गोंधळतो, पकडला जातो, घाबरून पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेळात तो वाट पाहावयास शिकतो. हा खेळ पुनःपुन्हा खेळला जावा अशीच त्याची रचना आहे. प्रत्येक स्थळासाठी प्रावीण्याच्या पायऱ्या असून त्या चढत गेल्यास नवी साधने व नवे प्रवेशमार्ग हाती येतात. दहाव्या खेळापर्यंत आपला विद्यार्थी एकाही निरपराधाला न दुखविता कार्य उरकतो.

त्याचा हिंसेकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला, यात शंका नाही. परंतु तो कोणत्या दिशेने बदलला, हे बारकाईने पाहिले पाहिजे. पहिल्या खेळात पहारेकरी त्याच्या लेखी एक अनिश्चित, म्हणूनच काहीसा सजीव असा मनुष्य होता. दहाव्या खेळात तोच पहारेकरी एक वेळापत्रक झाला आहे : अमुक क्षणी तो वळतो, अमुक क्षणी पाणी पितो, अमुक क्षणी दाराशी एकटा असतो. धोबी म्हणजे एक वेश, आचारी म्हणजे एक वेश आणि गर्दी म्हणजे आडोसा. संयम वाढत गेला आणि त्याच प्रमाणात माणसाविषयीची आस्था कमी होत गेली. मारणे थांबले ते माणूस दिसू लागला म्हणून नव्हे. तो अडथळा म्हणूनही उरला नाही, म्हणून.

इमान्युएल कांट यांनी १७८५ सालच्या आपल्या ग्रंथात प्रामाणिक दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. गिऱ्हाईक टिकावे म्हणून जो वाजवी भाव घेतो, त्याची कृती कर्तव्याला अनुसरून असते, पण कर्तव्यभावनेने केलेली नसते. श्रेणीसाठी निरपराधांना वाचविणारा खेळाडू हा त्या दुकानदाराचाच आधुनिक बंधू होय.

४. कृत, कारित, अनुमोदित

या टप्प्यातील एक योजना आपल्या परंपरेच्या प्रकाशात विशेष उद्बोधक ठरते. तेथे ‘काश्मिरियन’ या नावाचा एक प्रतिस्पर्धी बंदूकधारीही दबा धरून बसलेला आहे. रंगन व वान्या यांना त्याच्या नेमाच्या टप्प्यात आणून उभे करण्याची व्यवस्था खेळाडूने केली, तर गोळी तो झाडतो आणि कार्य खेळाडूचे साधते. हात अगदी स्वच्छ राहतात.

भारतीय चिंतनाने या पळवाटेचा विचार फार पूर्वी केलेला आहे. पातंजल योगसूत्रांत हिंसेचे कृत, कारित व अनुमोदित असे तीन प्रकार सांगितले असून लोभ, क्रोध व मोह ही तिची मुळे मानली आहेत. जैन आचारधर्मातही स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्यास संमती देणे या तिहींचा त्याग अपेक्षित आहे. बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत ज्या परंपरेचे भिक्षू शतकानुशतके राहिले, त्या बौद्ध परंपरेने चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्माचे सार मानले. या तिन्ही दृष्टींनी पाहता दुसऱ्याच्या बंदुकीसमोर माणूस नेऊन उभा करणे ही कारित हिंसा होय, आणि अपघाताची बतावणी तर सरळसरळ कृत हिंसाच होय. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा रात्री शिबिरात शिरून निद्रिस्तांना मारतो, तेव्हा त्याच्या यशाला कोणी कौशल्य म्हणत नाही. खेळाची श्रेणी मात्र केवळ दृश्य परिणाम तपासते; चेतना तपासण्याचे साधन तिच्याजवळ नाही.

याखेरीज आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. या खेळांत झालेली चूक पुसून पूर्वस्थितीला परत जाण्याची सोय बहुधा असते. निरपराध मारला गेला, तर खेळाडू पश्चात्ताप करीत नाही; जपून ठेवलेली आधीची स्थिती उघडतो. जेथे कृत्य मागे घेता येते तेथे प्रायश्चित्ताला अर्थ उरत नाही, आणि जेथे प्रायश्चित्त नाही तेथे अपराधाची जाणीव टिकणे दुर्घट होते. वर उल्लेखिलेल्या नदीच्या प्रसंगाचे मोल यामुळेच अधिक आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल, की हा शेवटी खेळ आहे. बुद्धिबळात प्यादे मारताना कोणी शोक करीत नाही. योहान हाइझिंगा यांनी १९३८ साली खेळाचे क्षेत्र हे व्यवहारापासून वेगळे काढलेले, स्वतःच्या नियमांचे वर्तुळ असल्याचे प्रतिपादन केले होते. आक्षेपात तथ्य आहे; परंतु बुद्धिबळाचे प्यादे आपल्या गल्लीतल्या माणसासारखे दिसत नाही व बोलत नाही. ज्या खेळाने माणसाचे रूप उसने घेतले, त्याने त्या रूपाबरोबर येणारा प्रश्नही उसना घेतलेला असतो. हे ओळखून काही खेळकर्त्यांनी वेगळा यत्नही केला आहे. ‘द लास्ट ऑफ अस’ या खेळाच्या २०२० सालच्या दुसऱ्या भागात एखादा शत्रू मारला गेला की त्याचे सोबती त्याला नावाने हाक मारतात. वेळापत्रकाला नाव मिळते आणि क्षणभर तरी खेळाडूचा हात थबकतो.

५. उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा. प्रच्छन्न संचाराचे खेळ संयम शिकवितात, हे खरे. त्यांची ही देणगी लहान नाही. ज्या माध्यमात वध हीच दीर्घकाळ मुख्य कृती होती, तेथे न मारणे हेही कर्तृत्व ठरावे, हे मोठेच परिवर्तन होय. तथापि, कौशल्यातून आलेला संयम आणि आस्थेतून आलेली अहिंसा यांची गल्लत होता कामा नये. पहिला गणनेने वाढतो. दुसरीला समोरच्याचे मनुष्यपण दिसावे लागते, आणि अतिपरिचयाने तेच दिसेनासे होण्याचा धोका या खेळांच्या रचनेतच आहे.

आपल्या विभागातील ज्या विद्यार्थ्यांना हे खेळ आवडतात, त्यांनी ते सोडावेत असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. उलट नीतिशास्त्राची इतकी जिवंत प्रयोगशाळा यापूर्वीच्या पिढ्यांना लाभली नव्हती. मात्र टप्पा पुरा झाल्यावर पडद्यावर उमटणारी श्रेणी पाहताना त्यांनी स्वतःस एवढेच विचारावे : ज्यांना मी वाचविले, त्यांपैकी एकाचा तरी चेहरा मला आठवतो काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीवली स्थानकाच्या पुलावरून जाताना समोरून येणाऱ्या गर्दीकडे त्यांनी थोडे अधिक लक्षपूर्वक पाहावे. खेळाने न दिलेला धडा तेथे मिळण्याचा संभव आहे.