डेसिबल एकच, मग आवाज वेगवेगळा का वाटतो?

लोणंदमध्ये कांद्याच्या लिलावाचा गलका, रेल्वेचा भोंगा, वारीतले टाळ-मृदंग, वरातीचा डीजे आणि मशिदीची अजान, सगळं एकाच गावाच्या कानावर पडतं. वाद झाला की कुणीतरी मोबाईल पुढं करतं, "बघा, ७० दाखवतोय!" आम्ही वर्गात दोन मोबाईल शेजारी ठेवून पाहिले, दोघांचे आकडे वेगळे. तपासून न घेतलेल्या माईकवर विसंबून भांडू नये.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल 'ए' आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. फजरची वेळ सहाच्या आधीच सुरू होते, हे ट्रस्टींनी ध्यानात ठेवावं.

आता हा 'ए' काय आहे? आपला कान सगळे स्वर सारखे ऐकत नाही. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये माणसांना आवाज ऐकवून त्याचे आलेख काढले. त्यातल्या हळू आवाजाच्या आलेखावरून 'ए' मोजणी आली. ती ६३ हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा करते, १००० हर्ट्झला काहीच नाही. म्हणून डीजेची छाती हादरवणारी धमधम मीटरवर कमी उमटते, माणसाचा गळा जवळजवळ पूर्ण मोजला जातो. मोठ्या आवाजात कान बेसला एवढी सूट देत नाही, खरी गोम इथं आहे. अर्थात म्हणून आपला भोंगा मोकळा सुटला, असं नाही.

कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक 'सोन'. १० डेसिबल वाढले की आवाज साधारण दुप्पट वाटतो. एकाचे दोन भोंगे केले तर वाढतात फक्त ३. पण सोन काढायचे कसे, यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. जर्मनीच्या झ्विकर यांनी ऐकण्याचा पट्टा २४ भागांत वाटला. केंब्रिजच्या मूर आणि ग्लासबर्ग यांचे खालच्या स्वरांचे भाग अरुंद आहेत, शिवाय दोन कानांना वेगळं ऐकू आलं तर तेही ते हिशेबात घेतात. एकाच आवाजाची दोन उत्तरं येतात! आयएसओने २०१७ मध्ये दोन्ही पद्धती ५३२ या मानकात भाग १ आणि भाग २ म्हणून ठेवल्या, २०२३ मध्ये बदलत्या आवाजासाठी तिसरा भाग आला.

आपला कायदा मात्र डेसिबल 'ए'च बघतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाऊडस्पीकरमध्येच मर्यादा बसवण्याचा विचार करायला सरकारला सांगितलं. तोवर ॲम्प्लिफायरच्या बटणावर खूण करून घ्यावी आणि भोंग्याचं तोंड समोरच्या खिडकीकडे नसावं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल आपोआप कमी होतात.